गयासच्या कबरीशेजारची जागा

मी, शेख कुर्बान वल्द शेख चांद, लोको शेडमध्ये फिटर, राहणार बडनेरा, जिल्हा अमरावती, पूर्ण शुद्धीवर असताना आणि कोणाच्याही दबावाखाली न येता हे मृत्युपत्र लिहवून ठेवतो. डॉक्टरांनी छातीचा फोटो पाहून मान हलवली, म्हणून घाई. घर आणि फंड शरियतीप्रमाणे बायको कुलसुमबी व मुलगी आयशाबी यांना जातीलच, त्याला कागद लागत नव्हता. कागद लागला तो कबरस्तानातल्या एका जागेसाठी.

१. खिळ्यांचे बूट अकोल्याच्या नारायणला द्यावेत. अकोल्याच्या क्लबात आम्ही दोघे अनवाणी, पायाला पट्ट्या बांधून फुटबॉल खेळायचो. देशाच्या संघातून मी रंगूनला गेलो तेव्हा हे बूट घालावे लागले. मेले फार चावायचे! नारायणने ते घालू नयेत, नुसते ठेवावेत. माझा मुलगा गयास गेला तेव्हा जनाज्याला माझ्या जागी त्यानेच खांदा दिला.

२. संघाचा निळा कोट आयशाबीला. तिने तो उसवून पोरांचे कपडे शिवले तरी माझी हरकत नाही.

३. रंगूनला आमच्यासोबत असलेल्या मॅनेजरसाहेबांना माझ्या मातीला बोलावू नये. गयास गेल्याची तार सकाळीच आली होती. साहेबांनी ती खिशात घातली आणि मॅच संपल्यावर दिली. तोवर मी गोल मारून मैदानात नाचलो होतो. आमच्यात मय्यत थांबवत नाहीत; तार वेळेवर मिळाली असती तरी मी पोचलो नसतो, एवढे मला कळते. पण नाचलो तरी नसतो! त्यांना माफी नाही.

४. गयासची कबर भिंतीला लागून आहे. तिच्या शेजारी एकच जागा उरली, ती आमच्या घराला मिळाली आहे. तिथे कुलसुमबीला ठेवावे. मला फाटकाजवळ कुठेही चालेल.

एवढे वाचून दाखवले तेव्हा कुलसुमबी पडद्यामागून बोलली, "मले कावून देता ते जागा? त्याचा जीव गेला तवा त्याचं डोकं माह्या मांडीवर होतं. तुमाले तर त्याचं तोंडबी दिसलं नाई. तुमीच निजा त्याच्यापाशी."

लेखनिकाने विचारले, हेही लिहू का? मी म्हटले, लिहा.

कलम चार माझ्या सांगण्यावरून खोडले आहे. ती जागा मी घेतो.

सही: शेख कुर्बान
मान्य: कुलसुमबी, डाव्या हाताचा अंगठा
साक्षीदार: पुंजाराम सोनोने, फिटर, उत्तमराव ठाकरे, शिक्षक
लेखनिक: कमलाकांत जोशी
बडनेरा, ता. १९ नोव्हेंबर १९६६