‘ऑफसाइड’ कोण आहे?

४ मार्च, बुधवार

“ऑफसाइड, तू कुठे बसतोस ते आम्ही शोधून काढू.”

तोफखाना नावाच्या कुणीतरी आज दुपारी ग्रुपवर लिहिलंय. खाली अंगठ्यांची ही रांग. मी माझ्या चष्म्याच्या दुकानात एकटीच होते. उठून शटर अर्धं खाली ओढलं, मग माझं मलाच कळेना, भर दुपारी शटर कशाला ओढलं.

ऑफसाइड म्हणजे मी.

नीट लिहून काढते, म्हणजे डोक्यातून जाईल. ग्रुप आमच्या गावच्या फुटबॉल क्लबचा. निम्मं गाव आहे त्यात. सुरुवातीला मी स्वतःच्या नावाने लिहायचे. एका सामन्याबद्दल चार ओळी लिहिल्या तर एकाने विचारलं, नवऱ्याने लिहून दिलं का? दुसऱ्याने फोटो मागितला. मग ते खातं बंद केलं आणि ऑफसाइड झाले. तेव्हापासून सगळे मला भाऊ म्हणतात. वाद घालतात, शिव्या देतात, पण वाचतात तरी.

गेल्या रविवारी कप्तानाने नगराध्यक्षांच्या हातून पुष्पगुच्छ घेतला नाही. मैदान विकून तिथे बाजार बांधणार आहेत, म्हणून. झालं, ग्रुप पेटला. खेळात राजकारण आणू नका, खेळात राजकारण आणू नका. मी विचारलं, दोन्ही गोलपोस्टवर अध्यक्षांचे फोटो कुणी लावले? कप्तानाने? आणि मैदानाचा नकाशा बदलून मंजूरसुद्धा झालाय, पालिकेच्या फलकावर चिकटवलाय, जाऊन वाचा, असंही लिहिलं.

एवढंच. ते सगळीकडे फिरलं. आता अध्यक्षांच्या मागे फिरणारी पोरं खवळलीत.

५ मार्च, गुरुवार

माझ्या कामात अंधार लागतो. आतली खोली बंद, दिवा फक्त अक्षरांच्या तक्त्यावर, आणि समोरच्या माणसाच्या तोंडाजवळ माझं तोंड. इतकी वर्षं काही वाटलं नाही.

आज एक दणकट माणूस आला. नवा. फ्रेम घातली, काचा बदलत विचारत होते, हे स्पष्ट की ते? तो म्हणाला, “तुमच्या काउंटरवर क्लबचं वेळापत्रक दिसलं. बघता का सामने?”

माझ्या हातातली काच निसटली.

“मुलगी खेळते,” मी म्हटलं.

“बरं आहे.” तो तक्त्याकडे वळला. मग म्हणाला, “खालची ओळ नाही दिसत.”

नंबर देऊन पाठवला. तो गेल्यावर कळलं, उजव्या डोळ्याचा नंबर मी डाव्या रकान्यात लिहिलाय. त्याच्या मागे रस्त्यावर धावत गेले. तो बिचारा हसला, आभार मानले.

७ मार्च, शनिवार

जेवताना दिराने विषय काढला. वरच्या मजल्यावर राहतो, पण ताट आमच्याकडेच. भाकरी मोडत म्हणाला, “त्या ऑफसाइडला फार माज आलाय. सापडू दे.”

“सापडला तर काय करणार?” नवऱ्याने सहज विचारलं.

“विचारू त्याला, नकाशा कुठून मिळाला.”

“पालिकेच्या फलकावर आहे म्हणे,” मी बोलून गेले.

दीर हसला. “वहिनी, तुला काय कळतंय त्यातलं. भाजी वाढ.”

भाजी वाढली. तो वर गेल्यावर नवऱ्याला सगळं सांगितलं. तो बसडेपोत मेकॅनिक, आवाज चढवणारा माणूस नाही. बराच वेळ हाताची नखं बघत राहिला. “खातं उडव. आत्ता. पोरगी रोज एकटी शाळेत जाते.”

खातं उडवलं. आता कधीही उघडायचं नाही.

८ मार्च, रविवार

ग्रुपवर आज चिडीचूप. शिव्या होत्या तेव्हा बरं होतं.

१० मार्च, मंगळवार

त्यांना ऑफसाइड सापडला!

म्हणजे शाळेचे क्रीडाशिक्षक. माझ्या लेकीला आणि तिच्या टोळीला फुटबॉल शिकवतात तेच सर. तर्क असा: खेळ कळतो, मैदानावर रोज असतात, मराठी शुद्ध लिहितात आणि कप्तान त्यांचाच विद्यार्थी. शिवाय खातं नेमकं पळपुट्यासारखं बंद झालं, म्हणजे घाबरला. सरांचा फोटो टाकलाय. घराचाही.

वाचून पहिल्यांदा काय वाटलं ते इथे तरी खरं लिहिते. सुटले, असं वाटलं. चहा टाकला. गाणंही गुणगुणले. चहा उतू गेला तेव्हा भानावर आले.

१२ मार्च, गुरुवार

लेक शाळेतून लवकर आली. सराव बंद. सर आले नाहीत. “आई, सरांच्या दाराला कोणीतरी डांबर फासलंय. आणि त्यांची आजी रडत होती.” आजी म्हणजे सरांची आई. पोरींनी खिडकीतून बघितलं म्हणे.

मी तिला जवळ घेतलं तर म्हणाली, “तुझे हात गार का?”

नवऱ्याकडे बघितलं. तो म्हणाला, “गप्प बस. काही दिवसांत विसरतील.” त्याचाही आवाज नेहमीचा नव्हता.

१४ मार्च, शनिवार

सर दुकानात आले. कपाळावर पट्टी. चष्मा रुमालात गुंडाळलेला, एक काच फुटलेली, दांडी मोडलेली. “पायऱ्यांवरून पडलो,” म्हणाले. मी विचारलंही नव्हतं.

आतल्या खोलीत बसवलं. दिवा घालवला. अंधारात माणसं जास्त बोलतात, तेही बोलले.

“किती वेळा सांगितलं, तो मी नव्हे. कोणी ऐकेना. शेवटी काल म्हटलं, हो, मीच. आता काय करायचं ते करा.”

माझा हात त्यांच्या कानाजवळ तसाच राहिला. “असं का म्हणालात, सर?”

“मी नाही म्हटलं की ते दुसरा शोधणार. परवा शाळेतल्या प्रयोगशाळेच्या मदतनिसाचं नाव घेत होते. त्याचं बाळ पाळण्यात आहे. मी एकटा, आई आहे फक्त. आणि खरं सांगू? ज्याने कोणी लिहिलंय त्याने खोटं काही लिहिलेलं नाही. मी फलक बघून आलो.”

“तो माणूस पुढे यायला हवा होता,” मी म्हटलं. माझाच आवाज मला परका वाटला.

“घाबरला असेल. मीही घाबरलोय की.” मग म्हणाले, “ही ओळ दिसते. खालची धूसर.”

काच घासायच्या चाकावर माझ्या डोळ्यांतलं पाणी पडत होतं. दांडी बसवायला सोमवारी या म्हटलं. दारापर्यंत सोडायला गेले. समोरच्या टपरीवर चार पोरं उभी होती, सरांकडे बघत. सर खाली बघून चालू लागले. एवढा ताठ चालणारा माणूस.

१५ मार्च, रविवार

सकाळी नवऱ्याला म्हटलं, मी सांगून टाकणार आहे. तो उठला. लेकीला घेऊन बहिणीकडे सोडून आला, आणि परत येऊन माझ्या शेजारी बसला. “लिही,” म्हणाला.

ग्रुपवर नवं खातं काढलं. स्वतःचं नाव, दुकानाचं नाव, दुकानाच्या दारात उभी राहून फोटो. ऑफसाइड मी आहे. सरांचा संबंध नाही. गोलपोस्टवरच्या फोटोंचं ते वाक्य मी लिहिलं, त्याआधीची सगळी मीच लिहिली.

पाठवलं आणि फोन उलटा ठेवला. दोघंही दाराकडे बघत बसलो. दुपार उलटली, कोणी आलं नाही. शेवटी नवऱ्यानेच फोन उचलला. वाचत गेला आणि त्याचा चेहरा विचित्र झाला.

“काय म्हणतायत?”

“हसतायत.”

बाईला पुढे केलं बघा मास्तरने. ताई, ऑफसाइड म्हणजे काय ते तरी सांगा. वहिनी, कुकरच्या शिट्ट्या मोजा. मास्तरचं आणि हिचं काय आहे? काल हिच्याच दुकानात होता, आतल्या खोलीत, दार लावून. आता तर सोडायचाच नाही त्याला.

मी ज्याला इतकी घाबरत होते ते घडलंच नाही. माझ्यावर कोणी विश्वासच ठेवला नाही. सरांचं मात्र मी अजून वाईट करून ठेवलं.

१६ मार्च, सोमवार

दीर खाली आला. ताटावर बसला नाही, उभाच राहिला. म्हणाला, “वहिनी, तोफखाना मीच आहे.”

मग म्हणाला, “कालचं मी खरं धरलं. एकट्यानेच. मी सांगितलं तर अध्यक्षांची पोरं मानतील. सरांना सोडतील. पण मग इथे येतील, आणि मला त्यांना थांबवता येणार नाही. सांगू?”

मी म्हटलं, “सांग.”