गावात खर्रा कोणी आणला

७ जानेवारी २००८

शी! शाळेच्या भिंतीवर पुन्हा तीच लाल पिचकारी. नेमकी 'पिण्याचे पाणी' या अक्षरांवर. पंधरा दिवसांपूर्वीच चुना मारून घेतला होता. व्हरांड्यातून खर्र्याच्या पन्न्या वेचल्या – बत्तीस. सुपारी, तंबाखू, चुना पन्नीत घोटत बसायचं आणि तो लगदा दिवसभर गालात कोंबायचा. त्या घोटण्याचा आवाजही आता सहन होत नाही मला. चौदा वर्षं धानोऱ्याकडच्या या जंगलात काढली, साप-विंचवांनी कधी एवढी शिसारी आणली नाही. याच गावातली मोहाची दारू बायकांना हाताशी धरून बंद करून दाखवली होती मी. आणि आता हे.

८ जानेवारी

पाचवीला प्रयोग दाखवला. ग्लासभर पाणी, त्यात पोटॅशियम परमँगनेटचा एकच खडा. ढवळायचं नाही, नुसतं बघायचं. जांभळा रंग आधी तळाशी, मग हळूहळू सगळीकडे. रिंकू म्हणाला, "बाई, कोनं हालवलं?" कोणीच नाही रे. एकदा खडा पडला की रंग आपला आपण पसरत जातो.

करिश्मानं विचारलं, "मंग खडा कुठी गेला?" या पोरीचे प्रश्न बरे असतात. पण बोलताना तोंड धड उघडत नाही. लाजत असेल. ग्लास खिडकीत ठेवून आले.

९ जानेवारी

ग्लासात कोणीतरी थुंकलंय! जांभळ्या पाण्यात सुपारीचा चोथा आणि त्याची लाल तार. ग्लास घासला नाही, फेकून दिला.

मग सगळ्या वर्गाला तोंडं उघडायला लावली. निरोगी तोंडात स्वतःची तीन बोटं उभी जातात, असं नर्सबाईंनी मागे सांगितलं होतं. रिंकूची गेली. करिश्माची दोनही जाईनात. आत गाल पांढरे, ताठ. अजून अकरा पूर्ण नाहीत तिला! म्हणाली, "तिखट खाल्लं का लय भाजते, बाई." केव्हापासून खातेस? "दुसरीपासून. आई खाते तं मले बी देते."

आई म्हणजे कुंता. माझ्या दारूबंदीच्या मंडळातली सगळ्यात धीट पोरगी होती ती.

१२ जानेवारी

करिश्माला घेऊन कुंताबरोबर गडचिरोलीला गेले. डॉक्टर म्हणाले, आजच खर्रा सुटला तर पोर वाचेल. नाहीतर तोंड असंच मिटत जाणार, पुढे कॅन्सरचीही भीती.

आणि परतताना एस.टी.त या बाईनं कमरेची पन्नी काढली! पोरगी शेजारी बसलेली. मी हिसकावून खिडकीबाहेर भिरकावली. कुंता चिडली नाही, रडली. "मले सुटत नाई बाई. मांडवात देते, मयतीत देते, धानाच्या रोवन्यात देते. कोनी हात पुढं केला तं नाई कसं म्हनाव?"

खरं आहे. पुढे आलेला हात इथे कोणी परतवत नाही. पण हा पहिला हात कोणाचा होता? करिश्मानं विचारलं होतं, खडा कुठे गेला. माझा प्रश्न – तो टाकला कोणी? सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत मी त्याचं नाव घेणार. त्याच्या तोंडावर.

१८ जानेवारी

रोज शाळा सुटली की घरोघरी. तुला कोणी दिला? अन्नपूर्णाला जावेनं, जावेला नवऱ्यानं, नवऱ्याला देवरावनं. इस्तारीला देवरावनं. पत्रूला देवरावनं. त्याच्या पानठेल्यावर त्याचा चेहरा बघून आले. हसून म्हणतो, "या ना बाई, बसा." किळस!

२६ जानेवारी

झेंड्यानंतर ग्रामसभा. करिश्माला पुढे बोलावून तोंड उघडायला लावलं. मग देवरावचं नाव घेतलं. बायका उठल्या, थेट ठेला उलटा केला. दारूच्या वेळी असंच झालं होतं. देवराव साठीचा माणूस, अडवायला आला नाही. मातीतले डबे गोळा करत राहिला. मला बरं वाटलं. खोटं कशाला लिहू?

सगळे पांगल्यावर मला म्हणाला, "बाई, मी तं पान-बिडी इकत होतो. कुंताच्या लग्नात खर्रा वाटला, तवापासून लोकं मागाले लागले. मंग म्या ठेवला."

कुंताच्या लग्नात? कोणा दीडशहाण्याची ही अक्कल?

२७ जानेवारी

तणतणत कुंताकडे गेले. लग्नात खर्रा वाटायचं कोणाच्या डोक्यातून आलं? ती तांदूळ निवडत होती. मान वर केली नाही.

"जाऊ द्या ना बाई. बारा वर्सं झाले."

नाव सांग.

"तुमी माह्या पोरीसाठी एवढं करून राह्यले. मले तुमचं मन नाई दुखवाचं."

करिश्मा दारात उभी होती. तिच्याकडे न बघता घरी आले. चहा केला, तसाच थंड झाला.

२८ जानेवारी

ट्रंकेतून शहाण्णव सालची वही काढली. अक्षर माझंच –

"१२ मे. कुंताचं लग्न लागलं. दारूबंदीनंतरचं पहिलंच! मोहाचा थेंब नाही. तरी पाहुण्यांचा मान राहायला हवा, म्हणून वरोऱ्याहून दोनशे खर्रे आणले होते, ताटात घेऊन मी स्वतः फिरवले. इथे कोणी खर्रा पाहिलाही नव्हता. म्हातारेसुद्धा खूश! ही पद्धत आसपासच्या गावांतही पसरायला हवी."