पळसदऱ्याच्या जंगलातील लष्करी मुख्यालयात घागर भरू देण्याबाबत

प्रति,
मा. वनपरिक्षेत्र अधिकारी,
पळसदरा वनपरिक्षेत्र,
ता. शिरपूर, जि. धुळे

अर्जदार : लीलाधर रुपचंद बोरसे, व्यवसाय पिठाची गिरणी, रा. देवपूर, धुळे

विषय : आखाजीच्या दिवशी अर्जदाराच्या आईस जुन्या लष्करी मुख्यालयाच्या अवशेषांत जाऊ देण्याबाबत व जप्त घागर परत मिळण्याबाबत.

संदर्भ : १) आपल्या कार्यालयाची गेल्या आखाजीची नोटीस.
२) आपल्याच कार्यालयाचे गेल्या महिन्यातील उत्तर.

महोदय,

१. उपरोक्त विषयी सविनय निवेदन की, अर्जदाराची आई ताईबाई, वय पंच्याऐंशी, हिचे वडील झुलाल हे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, आपल्या हद्दीतील जंगलात फौजेचे मुख्यालय असताना, तेथे कावडीने पाणी भरत असत. नाल्यातून पाणी काढून टेकाडावरच्या हौदात ओतणे, एवढेच त्यांचे काम. पुढे एका उन्हाळ्यात मुख्यालय उठले. साहेब गेले, घोडे गेले, तंबू गेले, पण झुलाल घरी आले नाहीत. कोणी म्हणाले पटकीने गेले, कोणी म्हणाले फौजेबरोबर ब्रह्मदेशात गेले. आई तेव्हा चार वर्षांची होती. वडिलांनी खांद्यावर घेतले की कावडीने पडलेला घट्टा हाताला लागायचा, एवढेच तिला आठवते.

२. आपण खान्देशात नव्याने बदलून आला आहात असे समजते, म्हणून नमूद करतो. आखाजीला, म्हणजे अक्षय्यतृतीयेला, आमच्याकडे घरातील गेलेल्या माणसांच्या नावे पाण्याची घागर भरतात आणि त्यांना घास देतात. जिवंत माणसाच्या नावे घागर भरणे मात्र अशुभ. त्यामुळे आजीने मरेपर्यंत कुंकू लावले आणि नवऱ्याची घागर भरली नाही. आईला भाऊ नाही, म्हणून पुढेही कोणी भरली नाही. हयातभर ज्याने पलटणीला पाणी पाजले, त्याला वर्षातून एकदा पाणी देणारे कोणी नाही, हे आईला फार लागते. शेवटी गेल्या साली भाऊबंदांनी तोड काढली की, माणूस जिथून हरवला तिथेच घागर भरावी. गेला असेल तर त्याला पोचेल, नसेल तर वाटसरूला पाणी दिल्याचे पुण्य.

३. त्याप्रमाणे अर्जदार गेल्या आखाजीला आईस घेऊन तेथे गेला. छपराचा पत्ता नाही, खोल्यांतून साग उगवले आहेत, पण हौद शाबूत आहे. आई हौदाभोवती फिरत राहिली. बस म्हटले तरी बसेना. आखाजीला लेकी माहेरी येतात, महोदय. आईचे माहेर म्हणून तेवढा हौदच शिल्लक आहे. "मना बाप आठे शे," म्हणजे माझा बाप इथे आहे, एवढेच ती म्हणाली आणि तिने घागर भरली.

४. तेवढ्यात आपले वनरक्षक आले. माणूस इथलाच, त्यामुळे पेचात पडला. "अक्का, नोटीस तं देनीच पडई," तो म्हणाला, "पन पितरसनं पानी मी सांडाव नही." त्याने घागर भरलेलीच जप्त केली व मुद्देमालाच्या खोलीत ठेवली. मातीची घागर पाझरणारच. म्हणून तो ती रोज पुन्हा भरतो असे कळते. ज्याने सरकारचे पाणी भरले, त्याचे पाणी आता सरकार भरत आहे. त्याबद्दल अर्जदार आभारी आहे. सदर वनरक्षकावर कृपया कोणतीही कारवाई होऊ नये. अडचण अशी की, आजोबा आता जंगलात आहेत की आपल्या कार्यालयात, असे आई विचारते.

५. संदर्भ एकच्या नोटिशीत म्हटले आहे की, आम्ही "लष्करी मुख्यालयाच्या अवशेषांत विनापरवाना प्रवेश केला". बरे, आता परवाना मागावा म्हणून अर्ज केला, तर संदर्भ दोनमध्ये उत्तर आले की, "सदर वनखंडात असे मुख्यालय वा त्याचे अवशेष असल्याची नोंद आढळत नाही, सबब परवानगीचा प्रश्न उद्भवत नाही". म्हणजे जागा नाही म्हणून परवाना नाही, आणि परवाना नाही म्हणून त्या जागेत जाणे गुन्हा. आई जेवू घालीना, बाप भीक मागू देईना, अशी आमची गत झाली आहे. जे अस्तित्वात नाही त्याच्या हौदाभोवती एवढ्या वयाची बाई फिरली कशी, याचाही खुलासा व्हावा.

६. आखाजी परवावर आली आहे. आईने सांजोऱ्या बांधून ठेवल्या आहेत. दारावरून कोणतीही गाडी गेली की ती पायात चपला सरकवून ओट्यावर येते आणि साहेबांचा कागद आला का, असे विचारते. उत्तर नाही म्हटले की पुन्हा आत जाते, पण चपला काढत नाही. हे पाहवत नाही. पुढच्या आखाजीचा भरवसा तिच्या वयात कोणी द्यावा?

७. सबब विनंती की, घागर परत करून परवा जाण्यास परवानगी द्यावी. परवानगी देता येत नसल्यास आम्ही परवानगीविना जाणार आहोत, हे अर्जदार या अर्जाद्वारे आगाऊ कळवीत आहे. सकाळी दहापासून आम्ही हौदापाशी असू. आपण अवश्य यावे, पंच आणावेत आणि आमच्यावर गुन्हा दाखल करावा. पंचनाम्यात ठिकाण "लष्करी मुख्यालय" असे स्पष्ट लिहावे आणि येण्याचे कारण म्हणून "येथे पाणी भरणारे झुलाल यांची मुलगी" असे नमूद करावे. त्याखाली आई अंगठा देईल. आपला बाप तिथे होता, असे कोणत्याही सरकारने तिला आजवर लिहून दिलेले नाही. ते गुन्ह्याच्या कागदावर मिळाले तरी तिला चालेल.

उत्तराची वाट पाहणे आता शक्य नसलेला, तरीही आपला नम्र,

(सही)
लीलाधर रुपचंद बोरसे
देवपूर, धुळे
दिनांक : २८ एप्रिल २०२५

सोबत : १) संदर्भातील दोन्ही कागदांच्या छायाप्रती.
२) आईच्या आधार कार्डाची छायाप्रत. आजोबांचा कोणताही पुरावा जोडता येत नाही.