‘ब’पाशी अडकणारा

प्रिय बडबडी,

तुझं हे नाव ज्या दिवशी माझ्या तोंडून एका दमात, न अडखळता बाहेर पडलं, त्या दिवशी सगळं बदललं. महिना झाला त्याला. मी फोन केला होता. तू ‘हॅलो’ म्हणालीस, मी ‘बडबडी’ म्हणालो आणि तू गप्प झालीस. तू आणि गप्प! मग विचारलंस, “कोण बोलतंय?” मी फोन ठेवून दिला. तुला वाटलं असेल, कुणीतरी टवाळ असेल. मीच होतो गं. निदान तेव्हा मला तसं वाटत होतं.

कागदावर मी अडकत नाही, म्हणून पहिल्यापासून सांगतो. कॉलेजच्या कॅन्टीनमध्ये मी ‘ब’पाशी थांबलो की बाकीचे माझा शब्द पुरा करून द्यायला धावायचे. तू नाही धावलीस कधी. हनुवटीखाली हात घेऊन, चहा गार होऊ देत बसून राहायचीस. ब-ब-ब-बडबडी. तू म्हणायचीस, नाव मुळात लांबलचक, त्यात तू आणखी तीन डबे जोडतोस. मला अडकित्ता म्हणायचीस. त्याच टेबलावर मी सिनेमातल्या त्या बड्या हिरोची नक्कल करायचो आणि त्याच्या आवाजात एकदाही अडकायचो नाही. सगळे टेबल बडवायचे. तू एकदा म्हणालीस, “हा झकास आहे, पण मला तो दुसरा, अडकणाराच बरा वाटतो.” मला ती थट्टा वाटली. पुढे तोंडी परीक्षेत सरांनी माझ्या अडखळण्याची नक्कल केली. मी दार आपटून निघालो, तो पुन्हा कॉलेजात पाऊल टाकलं नाही. मग तुझे बाबा म्हणाले, याचं सगळंच अर्धं, शिक्षण अर्धं, वाक्यही अर्धं. तुमचंही दार आपटून झालं. डोक्यात राख घालून घ्यायला मला कुणी शिकवावं लागत नाही, हे तुझंच वाक्य.

त्याच आठवड्यात हिरोच्या माणसांनी बोलावलं. माझ्या नकलेचा व्हिडिओ त्यांच्यापर्यंत पोचला होता आणि हिरो निवडणुकीला उभा राहणार होता. मला वाटलं, सभेआधी लोकांची करमणूक करायची असेल. तिथे कळलं, तो आवाज हिरोचा नव्हताच. तीस वर्षं एक डबिंगवाले त्याच्या तोंडी बोलत होते. त्यांना सगळे मास्तर म्हणायचे. मास्तर वारले होते आणि सभा तोंडावर आल्या होत्या. हिरोचा स्वतःचा आवाज मी त्या दिवशी ऐकला. त्याने पाणी मागितलं. बारीक आवाज, गंजलेल्या बिजागरीसारखा. हसू आलं होतं, पण त्याच्या डोळ्यांकडे पाहिलं आणि गिळलं.

स्टेजमागे एक बंद गाडी उभी असायची. आत मास्तरांची खुर्ची, तिच्या उशीला मास्तरांच्या बसण्याचा खड्डा. समोर छोट्या पडद्यावर हिरोचा चेहरा. तो बंद माइकपुढे ओठ हलवणार, मी गाडीतल्या माइकमध्ये बोलणार. साउंडवाल्याने एवढंच सांगितलं, मास्तर ओठांच्या अर्धा श्वास मागे राहायचे, तूही तसाच राहा. पहिल्या सभेत मी त्या ओठांमागे धावत होतो. पाचव्या सभेत ते ओठ माझ्यामागे धावायला लागले. दहाव्या सभेत मला ठसका लागला, तर पडद्यावर हिरोचा हात तोंडाशी आधीच गेलेला. मी खोकण्याआधी.

मला भीती वाटायला हवी होती. पण खरं सांगू, चढली होती मला. आयुष्यात पहिल्यांदा मी बोलत होतो आणि हजारो माणसं श्वास रोखून ऐकत होती. बंद पडलेल्या कारखान्यापुढच्या सभेत कागदावर होतं, ‘विचार करू’. माझं डोकं सटकलं आणि मी म्हणालो, ‘सुरू करीन’. लोक रडले. एक म्हातारी स्टेजवर चढून हिरोचे हात धरून म्हणाली, शब्द दिलास बाबा. मी गाडीत घामाघूम. ओठ त्याचे, आवाज मेलेल्याचा, घसा माझा. शब्द नक्की दिला कुणी?

त्याच संध्याकाळी मी तुला फोन केला होता.

हिरो निवडून आला. मागच्या आठवड्यात दुपारी मास्तरांच्या बायको, काकू, हिरोच्या ऑफिसात आल्या. कापडी पिशवी मांडीवर घेऊन माझ्यासमोर बसल्या आणि म्हणाल्या, एकदाच म्हण, “अगं, मी आलोय, दार उघड.” मी म्हटलं. वाटलं, रडतील. त्या डोळे मिटून ऐकत राहिल्या आणि मग म्हणाल्या, “हो, हाच तो.”

त्यांनी पिशवीतून चिठ्ठ्यांचा गठ्ठा काढला. ‘मीठ कमी आहे.’ ‘दिवा घालव.’ ‘तुझा गुडघा कसा आहे?’ शेवटची बारा वर्षं मास्तर घरात एक शब्द बोलले नव्हते. लिहायचे. तोंड उघडलं की तो हिरोचा आवाजच बोलायचा आणि मास्तरांना जे म्हणायचं असेल ते राहूनच जायचं. काकूंना नवऱ्याचा मूळ आवाज आता आठवतही नाही. जरा घोगरा होता, एवढंच सांगता आलं त्यांना. जाताना उंबऱ्यात थांबल्या. “एका संध्याकाळी दाराबाहेरून त्या आवाजात म्हणाले, दार उघड. मी उघडलं. तेवढं चुकलं माझं. माझा माणूस बोलेपर्यंत थांबायला हवं होतं.”

त्या दिवसापासून मी कुणाशी बोललेलो नाही. आईलाही चिठ्ठी लिहितो. ती म्हणते, घसा बसलाय तर काढा घे.

आज सकाळी शपथविधी. गाडी सभागृहाच्या मागे उभी आहे. कार्यक्रम लांबलाय, म्हणून शपथेच्याच कागदाच्या पाठीवर बारीक अक्षरात हे लिहीत बसलोय. शपथेतला पहिला शब्द ‘मी’ आहे आणि पुढे त्याचं नाव. मी ठरवलंय, तोंड उघडायचं नाही. होऊ दे शोभा. लोकांना कळू दे ती बिजागरी. आता पडद्यावर तो माइकपाशी आला. माझ्याकडे, म्हणजे कॅमेऱ्याकडे, बघतोय.

बडबडी, शपथ सुरू झाली. ‘मी’ म्हणाला. खणखणीत. माझे ओठ मिटलेले आहेत, डाव्या हाताने चाचपून पाहिले. समोरच्या माइकचा लाल दिवा लागलाय आणि आवाज या गाडीतूनच जातोय.

आता हे पत्र कशासाठी ते ऐक. मी तुझ्याकडे येतोय. हा कागद आधी दाराखालून सरकवीन, म्हणजे तू हे वाचत असशील तेव्हा मी बाहेरच उभा असेन. शेवटपर्यंत वाच. मग मी तुला हाक मारीन. ‘ब’पाशी अडकलो, तर हनुवटीखाली हात घेऊन थांबायचीस तशी थांब आणि मग उघड. पण हाक एका दमात आली, तर कितीही गोड आली, कितीही रडली, तरी उघडू नकोस. बाबांनाही उघडू देऊ नकोस. तो आवाज या खुर्चीत राहिला की माझ्याबरोबर निघाला, हे मला कळायला मार्ग नाही. ते फक्त तुलाच कळेल, कारण मी अडकत असताना माझी वाट तूच तेवढी पाहिलीस. शपथ संपत आलीय. कागदाची घडी करतो, बाहेर पडतो आणि दार लावून घेतो. या वेळी आपटत नाही.

तुझाच (असलो तर)
अडकित्ता