नसलेली खार

पार्सिपनी,
ऑक्टोबर

प्रिय डॉक्टर,

काल सकाळी शॉप उघडलं, तर आन्सरिंग मशीनवर वॉल्टचा आवाज. घोड्यांच्या फार्मवाला आपला म्हातारा वॉल्ट, दत्ताचा अजून डॅटाच करतो. "डॅटा, ग्राउंडहॉगनी कुरणात पुन्हा बिळं केलीत. एखाद्या घोडीचा पाय मोडेल. शनिवारी डॉकला घेऊन ये. मागच्या रानात खारीही पुष्कळ आहेत."

त्याला कुणी कळवलंच नाही. कोण कळवणार? तिथे आपण जातो हे आपल्या दोघांखेरीज कुणाला ठाऊक होतं? मी फोन फिरवला तो सांगायचं म्हणूनच. आणि तोंडातून निघालं, "डॉक बिझी आहे."

तू जाऊन नऊ महिने झाले आणि मी तुला बिझी करून टाकलं. एक खोटं पोटात घेऊन बसलोच होतो, त्यावर हे दुसरं. म्हणून आज कागद पुढे ओढला. पहिलं खोटं तुला तरी सांगायला हवं. तेही तुझ्यामुळेच बोललो, म्हणा.

तुझी-माझी दोस्ती जमली कशी, याचं इथल्या मराठी मंडळात सगळ्यांना नवल. तिथे सगळे डॉक्टर, नाहीतर इंजिनियर. मी बोटीच्या इंजिनरूममधून इथे उतरलेला फिटर. पार्टीत लोक मला बाजूला घेत ते बेसमेंटमधला घर तापवायचा बॉयलर दाखवायला. तूही पहिल्यांदा तेच केलंस. मी स्क्रू ड्रायव्हरचं टोक पंपाला लावलं, मूठ कानाला लावली आणि म्हणालो, "बेअरिंग गेलंय, डॉक्टरसाहेब. महिनाभर चालेल, मग एकदम बसेल." तू हसत सुटलास. "काय बे, माझ्या स्टेथोस्कोपपेक्षा हे बरं आहे."

मग तुला या कानांचा दुसरा उपयोग सुचला. नागपूरला लहानपणी मामाबरोबर शिकारीला जायचास, ती हौस तुझ्यात दबून बसली होती. घरात वहिनी माळकरी. बंदूक सोड, अंड्यालाही मज्जाव. मग बंदूक तुझ्या नावाची आणि कपाट माझ्या शॉपमधलं. शिकारीची केशरी जाकिटं बॉयलरच्या मागे टांगलेली. घरी सांगायचं, मंडळाच्या कमिटीची मीटिंग आहे. वहिनी बिचाऱ्या मीटिंगसाठी डबाभर चिवडा द्यायच्या. तो आपण वॉल्टच्या रानात दगडी बांधावर बसून खायचो. संध्याकाळी शॉपमधल्या हॉटप्लेटवर तुझा सावजी रस्सा, खारीचा नाहीतर सशाचा. मंडळात मी तुला तुम्ही म्हणायचो. रानात शिरलो की तू.

गेल्या ऑक्टोबरातला तो शनिवार आठवतो ना?

सकाळी कुरणात तू दोन ग्राउंडहॉग टिपलेस. त्यांना आपण घुशी म्हणायचो, मांजराएवढ्या घुशी. वॉल्ट खूश झाला, त्याने सफरचंदाचं सायडर पाजलं. मग आपण रानात शिरलो. पानं वाळलेली, वारा पडलेला. अशा दिवशी खार हिकरीचं अक्रोडासारखं फळ कुरतडते तेव्हा टरफलाचे तुकडे पानांवर पडतात, टप टप. तो आवाज मी साठ पावलांवरून धरायचो, बोट दाखवायचो आणि तू नेम धरायचास. पहिली खार तशीच मिळाली. उचलताना तू नेहमीचं बोललास. "हिच्या पाठीवर देवाची बोटं उठलेली नाहीत बघ. आपल्याकडची पट्ट्यांची खार मी जन्मात मारणार नाही."

"म्हणजे देवालाही व्हिसा लागतो," मी म्हणालो.

मग तो चढ लागला. अर्ध्यावर तू थांबलास आणि बोट वर केलंस. "ऐक. खार."

मी ऐकलं. झाडावर काही नव्हतं. ऐकू येत होता तो तुझा श्वास. आत ओढताना बारीक शिट्टी, सोडताना घरघर, आणि मध्ये एक झोल, पट्टा सैल झाल्यासारखा. तू मिनिटभर तसाच उभा राहिलास, मग म्हणालास, "गेली वाटतं."

वीस पावलांवर पुन्हा बोट वर. पुन्हा झाडावर काही नाही. तिसऱ्या वेळी तू झाडाला टेकलास, डावा खांदा चोळलास, तोंडावर घाम. माझ्याकडे न बघता विचारलंस, "ऐकू आलं का बे?"

आणि मी म्हणालो, "हो. वरच्या फांदीवर आहे. थांब जरा, हलू नकोस."

डॉक्टर, त्या फांदीवर काहीही नव्हतं. तुलाही ठाऊक होतं, मलाही. तुला दम खायला वेळ हवा होता आणि मी तो नसलेल्या खारीच्या नावावर काढून दिला. स्वतःला फार शहाणा समजलो. दोस्ताची लाज राखली म्हणून मनात खूशही झालो.

वर बांधावर चिवड्याचा डबा उघडला तेव्हा मी सुरुवात केली होती. "डॉक्टर..."

"बोल."

"काही नाही. शेंगदाणे जरा जास्त झालेत."

का नाही बोललो? असा आवाज करणारा पंप मी कुणाच्या घरात एक दिवस चालू ठेवला नसता. गिऱ्हाईक कितीही ओरडो, स्विच बंद करून चावी खिशात घातली असती. पण तू डॉक्टर. हृदयाचं डॉक्टरला बॉयलरवाल्याने सांगायचं? हे एक कारण, सगळ्यांना पटेल असं. दुसरं कुणाला सांगण्यासारखं नाही. वहिनींच्या कानावर घातलं असतं, तर त्यांनी पहिलं विचारलं असतं, "कुठे लागला दम?" मग मीटिंगा बंद, रान बंद. आणि रान बंद झालं असतं, तर मी पुन्हा बेसमेंटवाला झालो असतो. एवढ्यासाठी गप्प बसलो रे.

जानेवारीत ड्राइव्हवेतला बर्फ ओढताना तू पडलास. फावडं हातात तसंच होतं म्हणे. तू तरी स्वतःच्या छातीला कान का लावला नाहीस? दुसऱ्यांच्या एवढ्या तपासल्यास.

तेराव्याला वहिनींनी मला किचनमध्ये बोलावलं. "दत्ताभाऊजी, तुमचे कान तिखट. तुम्हाला कधी काही जाणवलं होतं का हो? यांना दम लागायचा?"

तुझ्या मुलाने दारातून म्हटलं, "मॉम, स्टॉप इट. प्लीज."

"नाही वहिनी," मी म्हणालो. "कधीच नाही."

"मग मलाच कसं कळलं नाही? एका छताखाली राहून?"

तेव्हापासून त्यांचं हेच चाललंय. मंडळात जो भेटेल त्याला सांगतात, माझं लक्ष नव्हतं, मी बेसावध राहिले. नवरात्रात आल्या नाहीत. माझी बायको जाऊन आली. म्हणाली, वहिनी निम्म्या राहिल्यात, आणि तुझे सदरे अजून इस्त्री करून ठेवतात. ते ओझं माझं आहे, डॉक्टर. नऊ महिने त्या वाहतायत आणि मी बघतोय.

माझे कान आता नकोसे झालेत. कुठल्याही घरात बॉयलर सुरू झाला की त्यात ती शिट्टी ऐकू येते. परवा एका बाईंचा धडधाकट पंप उघडून ठेवला. आत काही निघालं नाही.

शनिवारी वॉल्टकडे जाणार नाही. त्याला उद्या फोन करून खरं सांगतो. शनिवारी सकाळी, आपली मीटिंगची वेळ असायची त्या वेळी, तुझं केशरी जाकीट आणि चिवड्याचा तो डबा घेऊन वहिनींकडे जाणार आहे. डबा तेव्हाचा माझ्याकडेच राहिलाय. जाकिटाच्या खिशात हिकरीची दोन फळं आहेत, ती काढलेली नाहीत. पहिल्यापासून सांगेन. मीटिंग नव्हती, रान होतं. दम होता आणि मी तो ऐकला होता.

त्या पुन्हा कधी मला दारात उभं करतील असं वाटत नाही. करूही नये. मला हलकं वाटेल म्हणून जात नाहीये, तसं काही वाटणार नाही. फक्त त्यांनी स्वतःला दोष देणं थांबवावं.

तू मात्र मध्ये येऊ नकोस. दाराशी माझे पाय अडखळतील, तेव्हा तू बोट वर करशील, ऐक म्हणशील. या वेळी मी थांबणार नाही. झाडावर काही नाही म्हणून सांगेन.

तुझा,
दत्ता