हात लावल्यापासूनची मिनिटं

३ फेब्रुवारी, सकाळ
अभ्यासाचा श्रीगणेशा केला. अपघाताचा पेशंट दारात आल्यापासून ऑपरेशन टेबलावर जाईपर्यंत किती वेळ जातो आणि त्यावर त्याचं जगणं-मरणं किती ठरतं, हा विषय. मोठा पेपर होणार. विभागप्रमुखांच्या खुर्चीकडे आज उगाचच दोनदा पाहिलं.
संकल्प: इमर्जन्सीच्या पहिल्या फोनला उठायचं.

१० फेब्रुवारी
पहिले आकडे आले. भयंकर. दोष अर्थातच लिफ्टचा.

११ फेब्रुवारी
उपाय सुचला. दारापासून वेळ मोजणंच अशास्त्रीय आहे. दारात पेशंट नुसता पडलेला असतो. खरे उपचार सुरू होतात सर्जनचा हात लागल्यावर. तेव्हा घड्याळही तिथूनच सुरू. आकडेवारी बघणारा म्हणाला, सर, रक्त मात्र दारापासूनच वाहतं. मी नुसतं पाहिलं त्याच्याकडे. मग म्हणाला, पेपर तुमचा, नियम तुमचा. समजूतदार माणूस.

२ मार्च
आकडे झकास! वेळ थेट निम्म्यावर. विभागात काहीही बदललेलं नाही, यावरूनच पद्धतीचं महत्त्व कळतं. विभागप्रमुखांनी पाठ थोपटली. परिषदेत भाषण माझंच.
पहिल्या फोनचा संकल्प भाषणापर्यंत पुढे ढकलला. तूर्त तिसऱ्या फोनला उठतो. तोवर बरेचसे पेशंट आपोआप मार्गी लागतात. या नाहीतर त्या.

१९ मार्च, दुपार
भाषणाची तालीम. ऐन रंगात आलो आणि इमर्जन्सीच्या सिस्टरचा फोन. मोटरसायकलवरून पडलेला पेशंट, पोट दुखतंय. विचारलं, बोलतोय ना? म्हणाल्या, बोलतोय, तुमची ओळख सांगतोय. हल्ली ज्याच्या त्याच्या तोंडी माझी ओळख. रांग मोडायला बरी पडते. आलोच म्हणालो.
पुन्हा फोन. बीपी उतरतंय म्हणे. आलोच म्हणालो. दोनच स्लाइड राहिल्या होत्या.

१९ मार्च, संध्याकाळ
तिसऱ्या फोनला गेलो. स्ट्रेचरवर दादा. माझा सख्खा भाऊ. ओठ पांढरेफटक. म्हणाला, आलास? मी सांगत होतो यांना, येईल तो.
लहानपणी बाजारात हरवलो होतो, तशी भीती वाटली. लिफ्टची वाट न बघता स्ट्रेचर मीच रॅम्पवरून ढकलत नेलं. रॅम्प इतका जवळ आहे हे आजच कळलं. हात लावल्यापासून सात मिनिटांत टेबलावर.
प्लीहा फाटली होती. पोट रक्ताने भरलेलं. दादा टेबलावरच गेला.

२ एप्रिल
भाषण चांगलं झालं. टाळ्या पडल्या. काही आठवत नाही.

८ एप्रिल
आकडेवारीवाला चाचरत म्हणाला, सर, वाईट वाटतं, पण सात मिनिटं हा अख्ख्या अभ्यासातला सर्वांत चांगला वेळ आहे. ठेवू का? ठेव म्हणालो. काढायला शास्त्रीय कारण नव्हतं.
संध्याकाळी वहिनी आल्या. विचारलं, भावजी, खरं सांगा, यांना किती वेळ ताटकळावं लागलं?
मी सात मिनिटं म्हणालो.
त्या दिवसापासून आज पहिल्यांदा त्या मोकळेपणी रडल्या. म्हणाल्या, बरं झालं हो. मला उगाच वाटायचं, एकटेच तुमची वाट बघत पडले असतील. मुलांना सांगते, काका धावत आले होते.
धावलो होतो, हे काही खोटं नाही. रॅम्पवर.