काटा शून्यावर येईपर्यंत

३ मार्च
आज नव्या घरात सामान लागलं. तंत्रशाळेतली नोकरी मिळाली ती मिळाली, वर घरामागे एक बिनखिडकीची कोठीही! दादाने ती अडगळीसाठी ठरवली होती. मी लगेच हक्क सांगितला, की इथे माझी टेस्ला कॉइल, हवेत विजेच्या ठिणग्या सोडणारं यंत्र, होणार. दादा शिंपी. आईबाबांमागे त्यानेच मला वाढवलं, शिकवलं, आणि आता मशीन उचलून माझ्या पाठोपाठ इथे आलाय. त्याच्याशिवाय मला कोणी नाही, हे त्याच्या तोंडावर मात्र कधी सांगणार नाही. डोक्यावर बसेल.

९ मार्च
दादाने पाइपवर तार गुंडाळून दिली. अकराशे वेढे, एकही दुसऱ्यावर चढलेला नाही. मी तीनदा गुंता केला होता. तो म्हणाला, तार काय नि दोरा काय, ओढ सारखी हवी.

माझ्या वाट्याला पॉवर सप्लाय. घरची वीज कपॅसिटरमध्ये साठवायची आणि ट्रान्झिस्टरनी सेकंदाला दोन लाख वेळा उघडझाप करत कॉइलला द्यायची. स्विच आणि व्होल्टमीटर भिंतीपलीकडे, स्वयंपाकघरात. स्विच बंद केला तरी कपॅसिटरमध्ये माणूस मारण्याइतकी वीज उरते. म्हणून नियम: काटा शून्यावर आला की स्वयंपाकघरातल्याने ‘बंद’ असं ओरडायचं, मगच आतल्याने हात लावायचा. आकडे टिपायला ही वहीही स्विचपाशीच ठेवली आहे.

१४ मार्च
पहिली ठिणगी! वीतभर, जांभळी. मायक्रोफोन जोडला तर ठिणगीच बोलते. दादाने घसा खाकरून त्यात ‘बंद, बंद’ म्हटलं आणि कोठीभर त्याचा आवाज घुमला. दोघं पोट धरून हसलो.

१७ मार्च
मी आत होते, दादा स्विचपाशी. त्याचं ‘बंद’ ऐकू आलं. हात लावणार, तेवढ्यात काय वाटलं कोण जाणे, आधी स्क्रूड्रायव्हर टेकवला. फाडकन आवाज झाला आणि त्याचं टोक वितळलं.

बाहेर येऊन दादावर तोंड सोडलं. तो स्वयंपाकघरात नव्हताच. स्विच बंद करून फाटकाशी गिऱ्हाइकाचं माप घेत होता. परत येऊन काटा बघून सांगेन, तोवर ही थांबेल, असं त्याला वाटलं होतं.

काटा तीनशेवर होता. मायक्रोफोन खणात.

१८ मार्च
जोडणी दोनदा तपासली. चूक सापडत नाही. चालू केल्यावर कॉइल मायक्रोफोनशिवायच दादाच्या आवाजात बोलली, मग माझ्या. मी तर त्या मायक्रोफोनमध्ये कधी बोललेच नाही.

मला भीती वाटते आहे.

१९ मार्च
मोडून टाकायचं ठरलं. पण स्विच बंद आहे, फ्यूजही काढलाय, तरी काटा उतरत नाही. शून्याला टेकतो तो क्षणभर, की पुन्हा चढतो. कपॅसिटरची तार त्या क्षणीच कापायला हवी, म्हणजे एकाने आत तयार राहायला हवं. मी म्हटलं, मी जाते. दादा म्हणाला, धाकटी आहेस, गप्प बस.

आवाजावर आता विश्वास नाही. आतल्याने कुणाचंही ओरडणं ऐकायचं नाही. काटा शून्यावर आला की मी भिंतीवर तीन ठोके द्यायचे. कॉइल बोलण्याची नक्कल करेल, ठोक्यांची कशी करणार? कल्पना माझीच. दादाने शाबासकी दिली.

२१ मार्च, सकाळ
दादा आत गेला, कात्री घेऊन. कडी आतून लावली, मी मध्ये तडमडू नये म्हणून.

काटा ३२०.

२९०. उतरतोय.

२९०च.

३१० — बंद असताना चढतो कसा —

आत काहीतरी वाजलं. सुटी ठिणगी. एकच. बोटाचं पेर भिंतीवर मारावं तशी —

म्हणजे बोलायला तिला शिकावं लागलं. ठोके तर तिला आधीपासूनच येतात —

ओरडले, दादा, हात लावू नको. तो आतून हसला. म्हणाला, की चल, तुझ्या नकलांना मी फसायचो नाही —

दार उघडत नाही. काटा ३४०.

एक.

दोन.

दादा, माझे दोन्ही हात इथे वहीवर आहेत, मी नाही ठोक—